टोरांटो ते वालूर

बायनाबाई पहाटे गेली. आठ महिने चाललेलं कूस बदलणं, चमच्यानं पाणी पाजणं एकदम थांबलं, आणि लेकीच्या, शिवकन्येच्या हातांना आता काय करावं ते कळेना.

थोरला बालाजी ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. मायला अग्नी धाकट्यानं द्यायचा, ही रीत. आणि धाकटा शिवप्रसाद कॅनडात, टोरांटोला. त्याला निघ म्हणून कळवून झालं होतं. बालाजीनं दोन विमानतळांची नावं टाकली, टोरांटो आणि नांदेड. मोबाइलनं क्षणात सांगितलं, साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास. बालाजीनं बोटांवर हिशेब केला. रात्री दहाला नांदेड, बाराच्या पुढं घर, सकाळी उचलायचं. भावकीत तसा निरोप फिरला. सेलूहून बर्फाच्या लाद्या आल्या.

"सोनपेठहून यायला आमच्या लेकीला दिवस लागतो," चुलती सुलाबाई म्हणाली. "ढगात ष्टँडं न्हाईत वाटतं."

शिवकन्येला मायची ओवी आठवली. शिवप्रसाद पहिल्यांदा गेला तेव्हा निवडणं-टिपणं करता करता माय गुणगुणायची,

दूर देशीच्या लेकाची वाट मोजू कशी बाई
ढगाच्या गं रस्त्याला मैलाचा दगड न्हाई

उन्हं माथ्यावर आली. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत वाहत आलं, आणि शिवप्रसादचा फोन आला. तिकीट मिळालं होतं, पण विमान तिकडच्या रात्रीचं, म्हणजे इकडं उद्या सकाळचं. ते दिल्लीला उतरणार, तिथं रात्र काढायची, मग हैदराबाद, मग गाडीनं वालूर. नांदेडला थेट विमान येतच नव्हतं. मोबाइलनं नुसती सरळ रेघ मोजली होती.

बालाजी पुन्हा बोटं मोजायला लागला. शिवकन्येला मात्र ही मोजदाद पाठ होती. परभणीचा दवाखाना म्हणायला तासाभराचा. पण मायला घेऊन निघालं की सेलूला गाडी बदला, रांगेत बसा, परतीची एसटी चुकली की ष्टँडवर बसा, दिवस मावळायचा. वाट लांब नसतेच. थांबणं लांब असतं.

ती भिंतीला टेकून एकेक टप्पा धरत गेली. आज मंगळवार. तो घरात पाय ठेवणार गुरुवारी, दिवस कलल्यावर. बाहेर माणसं सकाळपासून उपाशी ताटकळलेली. वैशाखाचं ऊन. तिनं फोन मागितला.

"आक्का, थांबा की गं," शिवप्रसाद पलीकडून म्हणाला. "माझ्याच हातानं द्यायचाय मायला अग्नी."

शिवकन्येनं डोळे मिटले. आठ महिन्यांची झोप पापण्यांवर येऊन बसली होती.

"लय थांबली रे ती, शिवा. आता न्हाई थांबवायचं तिला. आग बालाजीदादा देईल. गुरुवारी तिसरा हाय, राख सावडायची. सकाळी सावडत्यात, आपण तू आल्यावर सावडू. तवर हात न्हाई लावू देत कुणाला."

मग तो म्हणाला, "येतो."

बालाजी उठला, डोळे पुसत मडकं आणायला निघाला. सुलाबाईनं रीतीचं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, शिवकन्येकडं पाहिलं आणि पाणी तापवायला गेली.

शिवकन्या मायजवळ बसली. पायाशी लावलेली बर्फाची लादी तिनं दोन्ही हातांनी बाजूला ओढली.

"पाय गार पडले की झोप लागत न्हाई तिला," ती म्हणाली, आणि पदरानं ते पाय पुसत राहिली.