एकाच फाईलीत

सहा केबीचं पान, एक्केचाळीसची सजावट, तीनशे सत्तावीसचा कोड, अठ्ठावन्नचं दूध संघाचं चिन्ह, तीनशे बहात्तरचा कन्नड फॉन्ट आणि तीनशे एक्क्याऐंशीचा मराठी. नागेंद्रने बेरीज केली. अकराशे पंच्याऐंशी केबी. मर्यादा एक हजाराची.

"मराठी काढ की. लगेच बसतंय बघ," मागे उभे असलेले सुहाससर म्हणाले. सीमाभागातल्या अनगोळातलं हे दोन खोल्यांचं ऑफिस त्यांचं.

"जेवणापर्यंत थांबा, सर. दोन्ही बसवतो."

"तुझी हौस!"

ॲप संघाच्या दूध केंद्रांसाठी होतं. केंद्रांवर रेंज नसते, म्हणून बाहेरून काही मागवायची सोय नाही. अक्षरांच्या आकारांसकट सगळं एकाच फाईलीत बांधून द्यायचं. ती टॅबलेटवर टाकली की झालं. अशा एका केंद्रावर, गुंजीला, नऊ वर्षं दूध मोजत होती नागुबाई, म्हणजे नागेंद्रची आई. कन्नड ती फडाफडा बोले. वाचायला मात्र तिला मराठीच येई.

फॉन्टात शेकडो आकार होते. ॲपला लागणारे तेवढे ठेवून नागेंद्रने बाकीचे छाटले. पहिल्या खेपेस 'म्हैस' फुटली. 'म'चा पाय मोडलेला आणि 'है' बाजूला. जोडाक्षरांचे नियमही छाटले गेले होते. ते त्याने परत आत घेतले. म्हैस जुळली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय रं, जेवलास?"

"जेवतो गं. काय म्हणतीस?"

"म्हशीचं बटण कुठल्या अंगाला केलंयस? डाव्या का उजव्या?"

"डाव्या. का गं?"

"सेक्रेटरी म्हणालाय, सोमवारपास्नं नवं यंत्र. ज्येला जमंल त्योच केंद्रावर, न्हाय तर शिकलेली पोरगी बघतोय. मी म्हटलं, माझ्या ल्योकानंच केलंय ते, मला न जमाय काय झालं?" ती हसली. "लई बोलली बघ मी चारचौघांत. आता अब्रू तुझ्या हातात."

जेवणाआधीच आकडा आला. दोन्ही भाषांसकट सहाशे सोळा केबी. सरांनी तो वाचला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

"नागेंद्र, ती हजाराची मर्यादा मी आपली सांगितली होती रे. तुला वाईट वाटू नये म्हणून. संघाला कन्नडच पाहिजे. फक्त कन्नड."

"मराठी लपवून ठेवतो, सर. दाबलं तरच दिसंल."

"संघवाले फाईल उघडून शोधतात. मागं एकाचं काम तेवढ्यावरनं परत आलंय."

"मग बटणावर चित्रं काढू? म्हैस, गाय?"

"मंजूर डिझाइनला हात लावायचा न्हाय."

"सर, माझी आई आहे केंद्रावर."

सरांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. "शिकतील की त्या."

"सोमवारी सुरू होतंय."

"मग मी काय करू, सांग? आपण न्हाय म्हटलं तर बेंगळूरचा कोणतरी दोन दिवसात करून देतोय. आईंचं तरीबी तेच होणार, आणि वर तू इथं रिकामा." ते उठले. "पाठवायच्या आधी शोधून बघ. एकसुद्धा मराठी अक्षर राहता कामा नये."

नागेंद्रने मराठीची यादी उघडली. दूध, गाय, म्हैस, सकाळ, संध्याकाळ, जतन करा. सगळी पुसायला एक कळ पुरली. फॉन्टची ओळ त्याने काढली. फाईल पुन्हा बांधायला लावली आणि ती बांधून होईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला.

मग फाईलीत शोधून बघितलं.

फाईल पाचशे पंचवीस केबी. देवनागरी अक्षरं शून्य.