नाकवाल्यांची सुरई

मित्रांनो, मी एक जुनी काचेची सुरई आहे, आणि तुमच्याशी गोड बोलायची मला मुळीच हौस नाही. माणसे पुष्कळ पाहून झाली. तुमच्यापैकी जे लहान आहेत त्यांनी वाइनच्या नादी लागू नये, गोष्ट तेवढी ऐकावी आणि घरी जावे.

माझा जन्म भट्टीपाशी झाला. एका कारागिराने लोखंडी नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घेतला आणि गाल टम्म फुगवून मला फुंकले. माझे पोट रुंद आणि मान लांब आहे, ती काही नटण्यासाठी नाही. जुन्या तांबड्या वाइनच्या बाटलीत तळाशी गाळ बसतो. बाटलीच्या मानेखाली दिवा धरून ती सावकाश माझ्यात ओततात, आणि गाळ दिसू लागला की हात थांबवतात. वर्षानुवर्षे कोंडलेल्या वाइनला माझ्या पोटात हवा लागते आणि तिचा वास मोकळा होतो. एवढेच माझे काम, पण ते मी चोख केले.

मी राहते ते वाइनचे दुकान दोघा भावांचे. पुढे दुकान, मागे चाखायची खोली, वर बिऱ्हाड. चाखायच्या खोलीत एक लांब टेबल आहे आणि त्याच्या टोकाला उंच पाठीची खुर्ची. तिच्यात थोरले बसत. सगळे त्यांना ‘नाकवाले’ म्हणत. नियम असा, की खुर्चीतल्या माणसाने पहिला घोट घ्यायचा, आणि त्याने मत सांगितल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचे नाही. गिऱ्हाइकांना हा नियम फार आवडे. नाकाने कांदे सोलणाऱ्या मंडळींना दुसऱ्याचे मत आपले म्हणून मिरवणे सोयीचे पडते.

थोरले मात्र खरे जाणकार होते. माझ्या तोंडाशी नाक आणले की त्यांच्या नाकपुड्या थरथरत. “हिच्यात ओतल्याशिवाय मी चाखत नाही,” असे ते चारचौघांत सांगत आणि मी फुगून जाई. त्यांची बायको, म्हणजे दुकानातली वहिनी, मला नुसत्या गरम पाण्याने धुई आणि खुंटीवर उलटी टांगून ठेवी. साबण कधीच नाही. साबणाचा वास काचेला चिकटून बसतो आणि वाइनची वाट लावतो.

मग एका हिवाळ्यात थोरल्यांना ताप आला. तापातून उठून ते खाली आले, माझ्या तोंडाशी वाकले, आणि त्यांच्या नाकपुड्या हलल्याच नाहीत. अनोळखी माणसाच्या लग्नाचा फोटो पाहावा तसा चेहरा करून ते थांबले. मग जुन्या आठवणीतले काहीतरी ठोकून दिले. गिऱ्हाइकांनी री ओढली.

“भाऊजींना सांगून टाका,” वहिनी मला धुता धुता म्हणाली.

“काय सांगू? नाक गेलं तर माझ्यात राहिलं काय? तो उद्याच खुर्चीत बसेल.”

“मग किती दिवस असं रेटणार?”

थोरल्यांनी पुसायला फडके तेवढे पुढे केले.

धाकटा काही दूधखुळा नव्हता. वर एकदा दूध करपले, सगळे बिऱ्हाड धुराने भरले, आणि दादा चुलीशेजारीच पेपर वाचत बसलेला त्याने पाहिला. तेव्हाच विचारता आले असते. हा मूग गिळून बसला आणि संधीची वाट पाहू लागला. मला त्याचा तिटकारा आला तो तेव्हापासून.

संधी आली ती स्पेनच्या एका बाटलीबरोबर. तांबडी, दाट, अंगाने भरलेली वाइन. आधी ओकच्या पिंपात आणि मग आमच्या तळघरात तिने वीसएक वर्षे काढली होती. तिच्या जातीची ती शेवटची बाटली. ती चाखायला एक हॉटेलवाला येणार होता आणि आणखी चार जुनी गिऱ्हाइके.

“वहिनी, आज सुरई मी धुतो,” धाकटा म्हणाला. दुकानात त्याने कधी पेला विसळलेला नव्हता. वहिनीला वाटले, सुधारला. त्याने मोरीवरचा लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण घेतला, माझ्या पोटात घोळवला, ओतून दिला आणि पाणी न घालता मला तशीच टेबलावर आणून ठेवले. केसाने गळा कापतात तो असा.

वाइन माझ्यात उतरली. आधी रुसल्यासारखी गप्प होती. मग हळूहळू बोलू लागली. सुकवलेली आलुबुखारे, जुन्या पट्ट्याचे चामडे, तंबाखूची डबी, मागून ओकच्या लाकडाचा गोडसर वास. आणि या सगळ्यावर मोरी. वीस वर्षे अंधारात धीर धरून पिकलेली ती वाइन, आणि नशिबी हे. मी माणूस असते तर धाकट्याच्या कानाखाली वाजवली असती.

थोरल्यांनी पेला फिरवला, हुंगला, घोट घेऊन तोंडात घोळवला. “चामडं,” ते म्हणाले. “तंबाखू. सुकलेलं फळ. शेवट लांबतो.” तरुणपणी याच वाइनची पहिली बाटली त्यांनी चाखली होती, ती त्यांना पाठ होती. चूक काहीच नव्हते. फक्त त्या पेल्यातून आलेले काही नव्हते.

मग बाकीचे प्यायले. एकेकाची भुवई वर गेली आणि खाली आली. खुर्ची बोलून चुकली होती. हॉटेलवाला तर डोळे मिटून म्हणाला, “आणि अगदी शेवटी लिंबाची साल. काय नाजूक आहे!”

“दादा,” धाकटा म्हणाला, “तुला नाही आलं लिंबू?”

थोरल्यांचा चेहरा उतरला. वहिनीने त्यांच्या हातातला पेला घेतला आणि नाकाशी नेला.

“साबण आहे हा. आपल्या मोरीवरचा,” ती म्हणाली. “भाऊजी, सुरई तुम्ही धुतलीत.”

हॉटेलवाल्याने डोळे उघडले. कुणी कुणाकडे पाहीना.

“माझं नाक गेलंय,” थोरले सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. “तापानंतर.” मग भावाकडे वळले. “वर येऊन विचारलं असतंस तर खुर्ची मीच दिली असती.”

“विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास.”

हे खरेच होते, आणि म्हणून मला त्याचा आणखी राग आला. थोरले उठले, वर गेले, पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. वाइन मोरीत गेली. गिऱ्हाइके टोप्या उचलून पांगली. माना डोलावताना पकडले गेल्यावर कोण थांबतो?

धाकटा खुर्चीत बसला. वहिनीने मला इतक्या वेळा गरम पाण्याने धुतले की माझ्यात वासाचा कण राहिला नाही. नवी बाटली आली, माझ्यात ओतली. धाकट्याने नाक आणले आणि झटक्यात मागे घेतले.

“वहिनी, साबण राहिलाय.”

वहिनीने हुंगले. “काही नाही भाऊजी. स्वच्छ आहे.”

“राहिलाय म्हणतो ना.”

तिने मला पुन्हा धुतले. पुन्हा तेच. त्याने नवी सुरई मागवली, तिच्यातही त्याला साबणच आला. मग पेल्यांत, मग बाटलीच्या तोंडाशी. गिऱ्हाइके समोर बसलेली असतात, तो बोलल्याशिवाय कुणी बोलायचे नाही, आणि तो नाकाला रुमाल लावून बसतो. परवा त्याने तांबडी वाइन माझ्यातूनच मोरीत ओतली. ती उत्तम होती.

मित्रांनो, माझी विनंती सरळ आहे. मला साबण लावू नका. आणि ज्याचे नाक गेले आहे त्याला जिन्यावर गाठून एकट्याला विचारा. तो खोटे बोलेल. तरी विचारा.