हसा मॅडम

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मॅडमचा वर्ग भरायचा. खाली हवेचा पंप सुरू झाला की वर कुणाचंच बोलणं ऐकू यायचं नाही, आणि मुलांना तेच बरं वाटायचं. वर्गात जीवनकौशल्यं शिकवायची होती: नजर न हटवता, आवाज न चढवता समोरच्यावर छाप कशी पाडावी, मुलाखतीत काय बोलावं, मनात चांगले विचार कसे आणावेत. कॉलेज अर्ध्यावर सोडलेली, कुठल्याच कामावर न टिकलेली मुलं-मुली इथे यायची. खरं तर पाठवली जायची. हा वर्ग पुरा केल्याशिवाय रोजगार कार्यालय पुढे कुणाचंही नाव सुचवत नसे. त्यामुळे शिकायला म्हणून कुणी आलेलं नसायचं, सगळे शिक्षा भोगायला बसवल्यासारखे खुर्च्यांत पसरलेले असायचे.

या खेपेच्या मुलांनी तर पहिल्याच दिवशी मॅडमचं बारसं केलं. नाव ठेवलं 'हसा मॅडम'.

त्याचं कारणही त्याच दिवशी घडलं. मॅडमनी एकेकाला दाराबाहेर पाठवून हसत आत यायला सांगितलं होतं. "समोरचा माणूस तुमचं नाव ऐकायच्या आधी तुमचा चेहरा वाचतो," त्या म्हणाल्या. "चेहरा पडलेला असेल तर पुढचं सगळं मुसळ केरात."

लंब्या आत आला. ताडमाड उंच, सडपातळ, बोलायला कमी. तो हसला, पण ओठाचा एकच कोपरा वर गेला.

"असं अर्धवट नको," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा या. मनापासून."

तो पुन्हा आला. पुन्हा तसंच.

"काय हो, उरलेलं हसू घरी ठेवून आलात का?" मॅडमनी गमतीत विचारलं. एरवी अशा गमतीवर वर्ग खुदकन हसतो, असा त्यांचा अनुभव होता. इथे कुणी हूं की चूं केलं नाही.

"ही बाजू हलत नाही माझी," लंब्या म्हणाला. "लहानपणी आजारी पडलो होतो, तेव्हापासून."

मॅडमचा चेहरा क्षणभर उतरला. पण त्यांची सवय जुनी होती. "अरे, मग त्यात काय एवढं!" त्या म्हणाल्या. "तीच तुमची खास ओळख समजा. लोक तुम्हाला कधी विसरणार नाहीत."

"लोक आत्ताही विसरत नाहीत," मागून एक मुलगी उठून म्हणाली. "रस्त्यात मागे वळून वळून बघतात. तुम्हाला बघितलंय का कुणी तसं?"

ती मॅडमच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. आईने अक्षरशः ढकलून तिला या वर्गात पाठवलं होतं. मावशीची ओळख सांगायची नाही, या एकाच अटीवर ती आली होती. पण मॅडमच्या तोंडून घरातलं नाव निसटलं: "छकुले, खाली बस."

अख्खा हॉल खदखदून हसला. छकुली! लंब्यासुद्धा हसला, त्याच्या त्या एका बाजूने. भाचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून त्या दोघींमध्ये उघड युद्ध सुरू झालं आणि सगळा वर्ग भाचीच्या बाजूने उभा राहिला.

मॅडम सकाळी यायच्या तेव्हा सगळ्या खुर्च्या मागच्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या असायच्या. 'आज कसं वाटतंय?' असं विचारलं की सगळे एका सुरात, देवळातल्या आरतीसारखे, "छाऽऽन वाटतंय मॅडम" म्हणायचे. भिंतीवर 'अशक्य काही नाही' असा कागद होता. त्यातला 'अ' कुणीतरी फाडून नेला. मॅडम नवीन कागद लावायच्या. रागवायच्या नाहीत. आणि त्या रागवत नाहीत, याचाच मुलांना जास्त राग यायचा.

भाचीच्या रागाचं मूळ मात्र या हॉलमध्ये नव्हतं.

मग लुटुपुटीच्या मुलाखतींचा दिवस आला. मुलांनी हट्ट धरला, "आधी तुम्ही करून दाखवा. तुम्ही नोकरी मागायला आलात असं समजा." मॅडम तयार झाल्या. मुलाखत घ्यायला भाची समोर बसली. पायावर पाय, हातात पेन.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?" तिने विचारलं.

मॅडमकडे तयार उत्तर होतं. "मी कामात फार गुंतून जाते. वेळेचं भान राहत नाही."

"हे पाठ केलेलं आहे. खरं सांगा."

"खरंच तोच आहे."

"मग मी सांगते," भाची म्हणाली. तेवढ्यात खाली पंप सुरू झाला. ती थांबली. घाई नव्हती तिला. पंप बंद झाल्यावर तिने आवाज न चढवता पुढे बोलायला सुरुवात केली. "माझे बाबा आजारी होते. बरे होणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही घरी आलात आणि आम्हा दोघींना बजावलंत की त्यांच्यासमोर रडायचं नाही, वाईट बोलायचं नाही, चेहरा हसरा ठेवायचा. मनाने उभारी धरली की शरीर साथ देतं म्हणालात. आम्ही ऐकलं. एके दिवशी बाबांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, 'मी गेल्यावर आईला सांभाळशील ना?' आणि मी, तुमची शहाणी भाची, हसून म्हणाले, 'असं नाही बोलायचं बाबा, चांगला विचार करायचा.' त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्याशी ते पुन्हा काही बोललेच नाहीत. त्यांना निरोप घ्यायचा होता मॅडम. आणि आम्ही दात काढत होतो. आता सांगा, याला दोष म्हणायचं की कौशल्य?"

पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजून हसताय."

खरंच हसत होत्या. चेहऱ्याला वळणच तसं पडलं होतं. मॅडमनी तोंडावर हात ठेवला आणि त्या उठून बाहेर गेल्या.

संध्याकाळी त्यांनी बहिणीला फोन केला. "ताई, भावजींनी असं विचारलं होतं?"

"हो," ताई म्हणाली.

"मग तू मला कधी बोलली का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलू? तू सांगितलंस ते मलाही तेव्हा हवंच होतं. रडायला लागू नये म्हणून तुझा आधार घेतला मी." ताईचा आवाज कोरडा होता. "पण पोरीला ते सांगू नकोस. तिला कुणावर तरी राग काढू दे. माझ्यावर काढला तर घरात राहायचं कसं?"

म्हणजे बहिणीने आपल्यालाच पुढे केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मॅडमनी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात खऱ्या मुलाखती होत्या. गावाबाहेर फर्निचरचं मोठं दुकान उघडणार होतं आणि त्यांना माणसं हवी होती. दुकान अजून अर्धवट होतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या, पाय न लावलेली टेबलं, सगळीकडे भुश्शाचा आणि नव्या रंगाचा वास. भरतीवाला साहेब एका सोफ्यावर बसला होता. मुलं ओळीने समोर उभी. मॅडम बाजूला.

साहेबाने लंब्याला नीट प्रश्नही विचारले नाहीत. "हसून दाखव," म्हणाला. लंब्या हसला. साहेबाने शेजारच्या कारकुनाकडे बघून तोंड वाकडं करून दाखवलं, आणि दोघांनाही हसू आवरेना.

"काउंटरवर नाही चालणार," साहेब म्हणाला. "गिऱ्हाईक घाबरेल. मागे गोदामात बघू."

"त्याच्याशी बोलून तरी बघा," मॅडम पुढे येत म्हणाल्या. "घरी सुतारकाम आहे, लाकडातलं त्याला चांगलं कळतं."

"बाई, तुम्हीच शिकवता ना? आधी चेहरा, मग बाकी सगळं. आम्ही तेच करतोय."

शब्द त्यांचेच होते. आणि मग, आयुष्यात कधी चढला नव्हता तसा त्यांचा आवाज चढला.

"माणसाच्या आजारावर खिदळायला मी शिकवलं नाही तुम्हाला! लाज नाही वाटत? एवढे घोडे झालात आणि पोराच्या तोंडावर नकला करता? असल्या दुकानात माझी पोरं पाठवण्यापेक्षा घरी बसवेन!"

त्या थांबेनात. गाद्यांवरचं प्लॅस्टिक काढणारे लोकही वळून बघायला लागले. साहेब उठला. "घरीच बसवा मग," म्हणाला. त्याने कारकुनाला हातातले कागद आवरायला लावले आणि पहारेकऱ्याला बोलावलं. सगळ्यांना बाहेर काढण्यात आलं. बरीचशी मुलं तर अजून पुढेही गेली नव्हती.

बाहेर मातीच्या रस्त्यावर मॅडम धापा टाकत उभ्या होत्या. मनात कुठेतरी त्यांना वाटलं होतं, आता तरी मुलं आपल्या बाजूने येतील. पण लंब्याच पहिल्यांदा अंगावर आला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी भांडायला?"

"अरे, तो तुझी टिंगल करत होता—"

"मला दिसत नव्हतं का? रोज करतात लोक. गोदामात काम देत होता ना तो! मी हो म्हणणार होतो. माझं ठरलं होतं." त्याचा चेहरा एका बाजूने लालबुंद झाला होता. "तुम्हाला बरं वाटलं ना ओरडून? आमचं काय?"

"आता 'छान वाटतंय' म्हणा," कुणीतरी मागून म्हणालं. मुलं पांगली. एकानेही निरोप घेतला नाही. भाची सगळ्यात शेवटी निघाली. जाताना तिने एकदा वळून मावशीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी हॉल रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. मॅडम खुर्च्या सरळ करून बसून राहायच्या. काय झालं ते त्यांना ताईकडूनच कळलं.

भाची सगळ्यांना घेऊन परत त्या दुकानात गेली होती. स्वच्छ कपडे, बांधलेले केस, आवाज खाली. साहेबाला तिने सांगितलं, "काल आमच्या मॅडम चिडल्या, ते चुकीचं नव्हतं. तुम्ही वागलात ते चुकीचं होतं, हे तुम्हालाही माहीत आहे. पण तुम्हाला माणसं हवीत आणि आम्हाला काम हवंय. बसून बोलू या का?" साहेब आधी खेकसला. ती जागची हलली नाही. तिने त्याच्या डोळ्यांवरून नजर हटवली नाही. दुकान उघडायची तारीख अंगावर आलेली, आणि हाताशी माणसं नाहीत. शेवटी त्याने बऱ्याच जणांना घेतलं. लंब्याला गोदामात घेतलं. माफी मात्र त्याने मागितली नाही, आणि लंब्यानेही ती मागायला लावली नाही.

मॅडम त्याच रविवारी ताईच्या घरी गेल्या. दार भाचीने उघडलं. ती उंबऱ्यावरच आडवी उभी राहिली.

"अभिनंदन करायला आलीस?"

"नाही," मावशी म्हणाली. "माझं चुकलं, ते सांगायला. भावजींच्या वेळी."

"आणि दुकानातलं?"

मावशीने विचार केला. "ओरडले ते चुकलं असं वाटत नाही. तुमचा विचार न करता ओरडले, ते चुकलं."

भाची तिला निरखत राहिली. "तू शिकवलेलं कामाला आलं," ती सावकाश म्हणाली. "नजर हटवायची नाही, आवाज खाली ठेवायचा. सगळं आलं. म्हणून मला आणखीनच राग आला." तिचा ओठ थरथरला. तिने तो दाबून धरला. "तशी बाबांसाठी ओरडली असतीस. डॉक्टरांवर, देवावर, कुणावरही. तर मीही रडले असते. त्यांच्याजवळ बसून रडले असते."

मावशीला रडू आलं. या वेळी तिने ते लपवलं नाही. भाचीने तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसायला काही दिलंही नाही. फक्त दारातून बाजूला झाली.

"आत ये. आईने तुझं पान मांडलंय," ती म्हणाली. "पण मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत," मावशी म्हणाली, आणि चपला काढून आत गेली.