बारा टिपाडं आणि एक जर्मन जहाज

मन्मथअप्पा ज्या जहाजाचे नकाशे काढत होते, ते जगात कुठंच नव्हतं. जर्मनीनं १९१३ साली आणखी एक लढाऊ जहाज बांधलं असतं तर ते कसं झालं असतं, एवढाच त्यांचा विचार. अप्पा सहकारी साखर कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दुष्काळात ऊस संपला, कारखाना बंद पडला आणि अप्पांनी घरीच नकाशाची फळी मांडली. त्याला चार वर्षं झाली होती. एकशे ब्याऐंशी मीटर लांबी, चार बुरुज, प्रत्येक बुरुजात दोन तोफा. पाण्यात नऊ मीटरच्या वर बुडायचं नाही, कारण ओहोटी लागली की जर्मनांच्या बंदरात पाणी कमी राहायचं.

"पाणी कमी असल्याचं दुखणं आपल्याला सांगावं लागत न्हाई, रामकिसन," अप्पा मला म्हणायचे.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून वजनांचे तक्ते मी वाचून दाखवायचो. बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात मी अक्षरं शिकलो, पण सरळ वाचायला लागलो ते या तक्त्यांमुळं. चिलखत, बॉयलर, कोळसा, तोफा. प्रत्येकापुढं वजन आणि ते तळापासून किती उंचावर आहे तो आकडा. अप्पा तोंडीच गुणाकार करत.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे दोन हजार सोळा साली, अप्पा दुसऱ्या बुरुजावर अडले होते. पुढच्या बुरुजाच्या डोक्यावरून त्याला गोळा टाकता यावा म्हणून तो एक मजला वर घ्यावा लागत होता. सातशे टन वर चढायचे. वळण घेताना जहाज कलंडेल आणि सरळ व्हायला उशीर करील, असं गणित सांगत होतं. त्यात तळातला कोळसा जळत गेला की खालचं वजन आणखी कमी होणार. अप्पांनी लाकडाचं लहान जहाज करून ते पाण्याच्या रांजणात सोडलं, तर त्यांच्या पत्नी, नीलाबाई वहिनी धावून आल्या.

"आठ दिवसांनी टँकर येतो. पिण्याच्या पाण्यात लढाई खेळू नका म्हणावं!"

मी गावच्या पाणीपुरवठा सहकारी संस्थेचा इंजिनवाला. माझी सून गीता संस्थेची चेअरमन. त्या साली तलाव इतका आटला की पाणी फक्त मधोमध राहिलं आणि भोवती गुडघाभर गाळ. पाइप काठावरून पोचेना. म्हणून संस्थेनं तेलाची बारा रिकामी टिपाडं, म्हणजे पत्र्याची पिंपं, एकत्र बांधून, वर फळ्या ठोकून तराफा केला. त्यावर डिझेल इंजिन आणि पंप बसवायचा होता. आदल्या साली पाणी उडून इंजिन भिजलं होतं आणि गाव सहा दिवस तहानलं होतं. ते सगळ्यांच्या मनात होतं, म्हणून या वेळी सेक्रेटरी गहिनीनाथनं लोखंडी घडवंची करून इंजिन माणसाच्या छातीएवढं उंच बसवलं.

ते बघितलं आणि मला वजनांचे तक्ते आठवले. हे तर अप्पांचं दुसऱ्या बुरुजाचंच दुखणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्घाटन होतं. आमच्याकडं नवं इंजिन नारळ फोडल्याशिवाय चालू करत नाहीत, आणि नारळ इंजिनाच्या तोंडासमोरच फोडायचा असतो. इंजिनाचं तोंड तराफ्याच्या एका कडेला होतं. म्हणजे अकरा संचालक त्या एका कडेवर उभे राहणार, आणि सगळ्यांत पुढं गीता. तिला पोहता येत नाही. खाली दोन पुरुष पाणी आणि त्याखाली गाळ.

मी टिपाडांची मापं घेऊन अप्पांकडं गेलो. ते फुगून बसले होते. संस्थेच्या सभेत ते तराफ्याबद्दल बोलायला उठले तेव्हा गहिनीनाथ म्हणाला होता, "अप्पा, आधी तुमची तोफ आणा, मग बोला." सगळी सभा हसली होती.

"त्यांना गणित लागत न्हाई," अप्पा म्हणाले. "मला कशाला विचारतूस?"

"माझी सून उभी राहणार हाय त्यावर, अप्पा."

ते माझ्याकडं वळून बसले. मग म्हणाले, "वाच."

मी वाचत गेलो. टिपाडं, फळ्या, इंजिन, घडवंचीची उंची, माणसं. अप्पांनी दोनदा गुणाकार केला. "दोन माणसं मधी उभी राहिली तर चालंल. एका कडंला अकरा म्हणजे गेलं."

घरी येऊन मी गीताला सांगितलं. ती हार ओवत बसली होती. "मामा, जर्मनीच्या जहाजाचं गणित आपल्या टिपाडाला लागतं का?"

"पाणी तेच हाय की गं."

"मी एकटी काठावर थांबले तर म्हणतील, बाई भ्याली. आधीच म्हणतात की चेअरमन सही करायला ठेवली हाय."



सकाळी तलावावर पन्नासेक बाया घागरी घेऊन बसल्या होत्या. तराफा दोरानं ओढून पाण्यात घेतला होता आणि काठापासून तिथवर फळ्यांची वाट टाकली होती. संचालक चपला काढून ओळीनं उभे. गीताच्या हातात नारळ. तेवढ्यात नीलाबाई वहिनींच्या हाताला धरून अप्पा आले. खांद्यावर गवंड्याचा ओळंबा.

"आलं आरमार," कुणीतरी म्हणालं.

अप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते गीताला म्हणाले, "चेअरमनबाई, जहाज पाण्यात सोडलं की त्याची परीक्षा घेत्यात. एका कडंला वजन ठेवायचं आणि ओळंबा किती सरकतो ते बघायचं. घटकाभराचं काम हाय. तुमी हो म्हणा."

"नारळाचा मुहूर्त टळतोय," गहिनीनाथ म्हणाला.

गीतानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "टळू द्या."

घडवंचीला ओळंबा टांगला. खालच्या फळीवर मी खडूची रेघ मारली. वाळूच्या पन्नास किलोच्या गोण्या तोंडाकडच्या कडेला ठेवायच्या होत्या. तीन ठेवल्या, तर ओळंबा वीतभर सरकला. मी तसं अप्पांना सांगितलं.

"तीन गोण्यांत वीत," अप्पा म्हणाले. "अकरा माणसं म्हणजे तेरा गोण्या."

"गोणी मेलेली असती, माणूस तोल धरतो," गहिनीनाथ चिडून म्हणाला. "आणखी ठेवा बे."

चौथी ठेवली, पाचवी ठेवली. कडेची फळी पाण्याला टेकली. मी ओरडलो, "बस करा, इंजिन जाईल!" पण सहावी गोणी माणसांच्या हातात होती. ती टेकवून ते वाटेच्या फळ्यांवर, आमच्यापाशी मागं सरले आणि कड पाण्याखाली गेली. गोण्या घसरल्या. इंजिन आमच्यावर झुकलं, एवढं की डिझेलच्या टाकीतून धार लागली. दोर ताणून टणटणला. मग गोण्या एकामागं एक पाण्यात पडल्या, ओझं सुटलं आणि तराफा उसळून दुसऱ्या अंगाला गेला. बराच वेळ तो हलत राहिला.

बाया घागरी सोडून उभ्या राहिल्या. गहिनीनाथ खाली बसला. त्याची बायको संचालक होती आणि गीताच्या शेजारीच तिची जागा होती.

"इंजिन खाली घ्या," गीता म्हणाली. "घडवंची कापा. भिजू नये म्हणून चारी बाजूंनी पत्रा लावा. आणि नारळ काठावर फुटंल."

"म्हणजे आज पाणी न्हाई?" मागून एक बाई ओरडली.

"आज न्हाई."

रिकाम्या घागरी घेऊन बाया गेल्या. जाताना त्यांनी गीतालाही शिव्या दिल्या आणि अप्पांनाही. अप्पा तराफ्याच्या मधोमध उकिडवे बसून खडूच्या रेघेवर हात फिरवत होते. मला म्हणाले, "आपला दुसरा बुरुजबी खाली घ्यावा लागंल. गोळा पुढच्यावर आदळंल, पण माणसं बुडणार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी इंजिन खाली बसलं, नारळ काठावर फुटला आणि तराफ्यावर मी एकटाच गेलो. काठावर गीतानं दोर स्वतःच्या हातात धरला होता. मी हँडल मारलं. इंजिन धडधडलं, तराफा माझ्या बाजूला कलला आणि मी फळीकडं बघत राहिलो. पाणी फळीच्या चार बोटं खाली थांबलं, तिथंच हललं, आणि तराफा हळूहळू सरळ झाला. पाइप फुगून कडक झाला.

"मामा, आता मधी उभं ऱ्हावा!" गीता काठावरून ओरडली. "कडंला जाऊ नका!"

मी मधोमध जाऊन उभा राहिलो.