सोमवारचं पाणी

सोमवारी दुपारी एकच्या ठोक्याला क्लिओफस टार्व्हर पोहण्याच्या तलावाचं मागचं फाटक उघडायचा. त्याआधी पाऊण तास तरी खालच्या वस्तीतली साठ-सत्तर पोरं त्या फाटकाला लोंबकळत असायची. गळ्यात टॉवेल, पायात काही नाही, आणि डांबर इतकं तापलेलं की सगळी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत. "काका, वाजला की एक!" "काका, तुमचं घड्याळ आजारी आहे का?" असा नुसता गलका. क्लिओफस मुद्दाम चेहरा गंभीर करून घड्याळाकडे बघत राहायचा आणि अगदी शेवटच्या क्षणी कुलूप काढायचा. आठवड्यातले हे तीन तास त्याला पगारापेक्षा प्रिय होते.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात, हॉलिस फोर्क गावात पोहण्याचा तलाव एकच होता. नगरपालिकेनं तो कराच्या पैशातून बांधला होता, आणि कर घेताना कुणी कुणाचा रंग पाहत नसे. मंगळवार ते रविवार तलाव गोऱ्यांचा. सोमवारी एक ते चार काळ्यांचा. चारची शिट्टी झाली की पोरं बाहेर, आणि क्लिओफस पंपाच्या खोलीत जाऊन मोठा व्हॉल्व्ह फिरवायचा. सगळं पाणी ओढ्याला जायचं. मग तो रिकाम्या तलावात उतरून लांब दांड्याच्या ब्रशानं भिंती घासायचा, क्लोरीन मारायचा आणि नवं पाणी सोडायचा. मंगळवारी गोरी पोरं त्या ताज्या पाण्यात उड्या घ्यायची.

वस्तीतल्या पोरांनी विचारलं, तर क्लिओफसचं उत्तर ठरलेलं होतं, "सोमवार हा धुण्याचा वार." पोरांना ते पटायचं. मोठ्यांना पटत नव्हतं, पण ते विचारतही नव्हते.

खरी गोष्ट अशी, की ही व्यवस्था क्लिओफसनेच सुचवली होती. अकरा वर्षांपूर्वी तो आणि वस्तीतले पाद्रीबुवा टोपी हातात धरून उद्यानांच्या तेव्हाच्या अधिकाऱ्याकडे गेले होते, आमच्याही पोरांना तलावात येऊ द्या म्हणायला. साहेब नाही म्हणाला. परत फिरता फिरता क्लिओफसच्या डोक्यात युक्ती आली. "साहेब, दर आठवड्याला पाणी तर आपण बदलतोच. बदलण्याआधीचे तीन तास आमच्या पोरांना द्या. मग कुणाची तक्रार राहणार नाही." साहेबाला ते इतकं आवडलं की त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. रविवारी चर्चमध्ये क्लिओफसचं नाव घेऊन प्रार्थना झाली. आपण नेमकं काय कबूल करून आलो, हे त्यानं स्वतःला कधी विचारलं नाही.

एकोणीसशे छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात मात्र पाऊस रुसला. मे महिन्यापासून थेंब नव्हता. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं फर्मान काढलं: बागांना पाणी नाही, गाड्या धुवायच्या नाहीत, तलावाचं पाणी बदलायचं नाही. त्या सोमवारी सकाळी उद्यानांचा नवा अधिकारी मिस्टर क्रू गाडीतूनच हाक मारता झाला. तो चौतिशीचा होता आणि क्लिओफस एक्कावन्नचा. तरी अरे-तुरे कोण कुणाला करत होतं ते सांगायला नको.

"क्लिओ, ए क्लिओ! पाऊस पडेपर्यंत सोमवार बंद."

"बंद म्हणजे, साहेब?"

"अरे, पाणी बदलायचं नाही असा हुकूम आहे. पाणी बदलायचं नाही, तर सोमवार कसा होणार? तूच सांग."

हे तो अगदी सहज, हिशेबाचं बोलल्यासारखं बोलला. क्लिओफसने मान हलवली आणि फाटकाला पाटी लावली.

एक वाजता पोरं पाटी वाचून परत गेली. एकटी जोनेटा थांबली. ती क्लिओफसची दहा वर्षांची एकुलती एक लेक, आणि वस्तीतल्या सगळ्यांत चांगली पोहणारी. तिनं जाळीतून आत पाहिलं. निळं पाणी काठोकाठ भरलेलं होतं.

"बाबा, पाणी तर आहे."

"आहे."

"ते उद्या पण हेच असणार?"

"हेच."

"मग आज आपण का नाही?" आणि मग तिनं हळूच विचारलं, "आपण पोहलो की ते घाण होतं का?"

"गप. घरी जा. आईला मदत कर," तो तिच्यावर ओरडला. आयुष्यात तो तिच्यावर दोन-तीनदाच ओरडला असेल. ती गेली, आणि तो पंपाच्या खोलीत एका उलट्या बादलीवर बराच वेळ बसून राहिला.

संध्याकाळी त्याची बायको व्हर्लिन मासे तळत होती. मक्याची भाकरी ओव्हनमधून काढून तिनं ती टेबलावर आपटलीच. "पोरीला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? लहान आहे ती."

"लहान आहे, पण तुझ्यापेक्षा तिला लवकर कळतं. मी नाही सांगणार तिला. युक्ती तू काढलीस, तूच सांग." तिनं कढईतला मासा उलटला. "क्रूसाहेबाच्या घरी कामाला जाते तेव्हा त्याच्या दोन्ही पोरांना मी या हातानं भरवते, क्लिओ. हा हात त्यांच्या तोंडात चालतो. माझी पोर त्यांच्या पाण्यात चालत नाही. लोक हसतील रे, जर हसण्यासारखं असतं तर."

पुढच्या सोमवारीही पाटी तशीच होती. आणि त्याच दुपारी उकाड्यानं हैराण झालेली सात-आठ पोरं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीवर गेली. खाणीत साचलेलं पाणी वरून शांत दिसतं, पण काठ सोडला की एकदम खोल. सिस्टर ओडम म्हणून चर्चमध्ये भजनं म्हणणारी म्हातारी होती, तिची नात लव्होनिया पाय घसरून आत गेली. जोनेटानं उडी मारून तिला वेणीला धरून काठावर ओढली. लव्होनिया जगली. पण क्लिओफस धावत पोहोचला तेव्हा ती चिखल ओकत होती, आणि जोनेटा शेजारी थरथरत बसली होती. तिच्या दोन्ही दंडांवर लव्होनियाच्या नखांचे ओरखडे होते.

"बाबा, मी तिला सोडलं नाही," ती म्हणाली. "ती मला खाली ओढत होती, पण मी नाही सोडलं."

त्या क्षणी क्लिओफसला स्वतःची इतकी किळस आली की त्याच्यानं तिला जवळही घेववेना. तिकडे भरलेला तलाव सोमवारचा ओस पडला होता आणि इकडे पोरं चिखलात जीव द्यायला आली होती. आणि त्या तलावाची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

तिसऱ्या सोमवारी त्यानं पाटी काढली. कुणाला विचारलं नाही. एकला फाटक उघडलं, पोरं आत धावली, चारला शिट्टी वाजवली, पोरं निघाली. मग तो सवयीनं पंपाच्या खोलीत गेला. व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि काढून घेतला. नेहमीप्रमाणे क्लोरीन टाकलं, पानं काढली, दिवे बंद केले आणि घरी जाऊन जेवला.

मंगळवारी दहा वाजल्यापासून गोरी पोरं आली. दिवसभरात दोनशे तरी असतील. त्यांनी उड्या मारल्या, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवलं, नाकात पाणी गेलं म्हणून बोंबलली. त्यांच्या आया छत्रीखाली बसून थंड लिंबूपाणी पीत होत्या. क्लिओफस काठावर ब्रश घेऊन उभा होता. जसजसा दिवस कलला तसतसं त्याला हसू येऊ लागलं. काही म्हणजे काही झालं नाही.

पण सोमवारी ओल्या केसांनी घरी जाणारी पोरं रस्त्यावरून कुणीतरी पाहिली होती. बुधवारी सकाळी क्रू आला. या वेळी तो गाडीतून उतरला, पंपाच्या खोलीत शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"क्लिओ, उद्या नगरपालिकेच्या सभेत तुला बोलावलंय. नीट ऐक. तू एवढंच म्हणायचं, की पोरं शिरली, मी नंतर पाणी सोडलं आणि नवं भरलं. जास्तीच्या पाण्याचं मी बघतो. मीटर मीच लिहितो. तुझी नोकरी राहील, आणि पाऊस पडला की तुमचा सोमवार परत सुरू."

"पण साहेब, मी पाणी सोडलं नाही."

"सोडलं नाहीस हे मला माहीत आहे! म्हणून तर सांगतोय ना!" क्रूचा आवाज चिरकला. "माझी पोरं मंगळवारी दिवसभर त्यात होती, क्लिओ. दोन्ही."

"होय साहेब. पाहिलं मी. धाकटा आता हात न धरता तरंगतो."

क्रूनं खाली पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. असल्या रूढी वाईट माणसांपेक्षा अशा बऱ्या माणसांच्या खांद्यावरच जास्त चालतात. "तेवढं एक वाक्य बोल," तो म्हणाला. "सगळ्यांचं भलं होईल."

घरी क्लिओफसने ते बायकोला सांगितलं. व्हर्लिन इस्त्री करत होती. "मग बोल की खोटं," ती म्हणाली. "अकरा वर्षं बोलतोच आहेस. आणखी एकदा बोल." ही टोचते आहे की खरंच सांगते आहे, हे त्याला कळलं नाही; बहुधा तिलाही कळलं नसावं. नोकरी गेली तर हिवाळा कसा काढायचा, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

दारात जोनेटा उभी होती. "बाबा, सभेला मी येऊ?"

तिनं हे विचारू नये असं त्याला फार वाटत होतं. "ये," तो म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. काळ्यांसाठी मागे एक बाक असे; तिथं जोनेटा, व्हर्लिन आणि पाद्रीबुवा बसले. अध्यक्ष प्रूइट यांनी चष्मा लावला.

"क्लिओ, सोमवारी तुमची पोरं तलावात होती?"

"होती. मी फाटक उघडलं."

सभेत कुजबुज झाली. क्रू घाईघाईनं म्हणाला, "पण नंतर यानं पाणी बदललं आहे, अध्यक्षमहाराज. हो ना, क्लिओ?"

क्लिओफसने मागे वळून पाहिलं नाही. लेकीचे डोळे पाठीला टेकलेत हे त्याला न बघताही कळत होतं.

"नाही बदललं," तो म्हणाला. "मंगळवारी तुमची पोरं त्याच पाण्यात होती. बुधवारीही. आजही. मी रोज तिथंच होतो. कुणाला काही झालेलं नाही. आमच्या पोरांमुळे पाणी बदलायची गरज नव्हती साहेब, ती कधीच नव्हती. आमची पोरं पोहली की मगच ते बदलू या, असं अकरा वर्षांपूर्वी मीच सुचवलं. ते चुकलं माझं. माझ्या पोरीची माफी मागायची आहे, ती मी घरी मागेन. तुमची मागण्यासारखं मी काही केलं नाही."

मग पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पर्समधून रुमाल काढला आणि शेजारी बसलेल्या आपल्या लहान मुलीचे हात ती खसाखसा पुसू लागली. मंगळवारपासून त्या मुलीच्या चार आंघोळी तरी झाल्या असतील. तरी ती पुसतच राहिली. मुलगी रडायला लागली. मग एकच आरडाओरडा झाला.

क्लिओफसची नोकरी त्याच रात्री गेली. शुक्रवारी, लोकांच्या भाज्या वाफ्यात जळत असताना, तलावातलं सगळं पाणी ओढ्याला सोडून दिलं. सुरुवातीला तेही त्यांना जमेना. व्हॉल्व्ह अडकला, आणि क्रू क्लिओफसच्या दारात आला. "चाक नेमकं कसं फिरवायचं, तेवढं येऊन दाखव," तो अजिजीनं म्हणाला.

"नाही, साहेब."

"दहा मिनिटांचं काम आहे."

"मला माहीत आहे किती मिनिटांचं आहे. अकरा वर्षं आमच्याच लेकरांच्या पाठोपाठ मी ते पाणी सोडलं. आता माणूस दुसरा शोधा."

ऑक्टोबरात नगरपालिकेनं एकमतानं ठराव केला: तलाव पुन्हा भरायचा नाही, बुजवायचा. मातीचे ट्रक चार दिवस चालले होते. पुढच्या उन्हाळ्यात गोरी पोरंही खडीच्या खाणीवर जाऊ लागली. खालच्या वस्तीतही क्लिओफसला शिव्या मिळाल्या. "होते ते तीन तासही घालवलेस," असं सिस्टर ओडम त्याला चर्चच्या पायरीवर म्हणाली आणि मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. त्यानं कारखान्यात झाडू मारायचं काम धरलं. हिवाळ्यात पाद्रीबुवांनी, त्यानं आणि आणखी सहा कुटुंबांनी नगरपालिकेवर दावा लावला, तलावासाठी नव्हे, तो तर गेलाच होता. वाचनालयासाठी आणि बागेसाठी. अर्जावर त्यानं पूर्ण नाव लिहून सही केली असं व्हर्लिन सांगते.

मी पुढे पुष्कळ वर्षं त्या लोकांत राहिलो, ही गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकली, आणि मला राहून राहून तो मंगळवार आठवतो. दोनशे पोरं दिवसभर त्या पाण्यात खेळली, त्यांतल्या एकाचंही पोट दुखलं नाही, अंगावर पुरळ उठलं नाही, कुणाला काही कळलंसुद्धा नाही. ते पाणी बाटलं ते गुरुवारी, कोरड्या सभागृहात, लोकांच्या कानांत. या प्रकाराला तिकडच्या भाषेत नेमका शब्द नाही. तिथं कुणाला समजावून सांगायचं तर मला दहा वाक्यं लागतात. इथं, आपल्या मराठीत, तुम्हाला एकही लागलं नाही. वाचतानाच तुमच्या मनात तो शब्द आला असेल, आणि मला लाज वाटते ती त्याचीच.