काचेआडचं इंजिन

मी बोलतेय ती डॉक्टरांच्या घरातली दुसरी बाई. म्हणजे खरं तर मी वाफेवर चालणारं छोटं इंजिन, हातभर लांब, तांब्यापितळेचं. इंजिन हा शब्द काही बाईमाणसाचा नाही. पण डॉक्टरांची बायको मला पहिल्यापासून सवत म्हणत आली आणि मलाही तसंच बोलायची सवय लागली.

डॉक्टर दातांचे. शेवटचा पेशंट गेला की दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते माझ्यावर काम करायचे. दात घासायच्या यंत्राने त्यांनी माझी चाकं गुळगुळीत केली. मी पेशंट असते तर ओरडले असते. बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. ड्यूटीवरून आल्या की दारातूनच विचारायच्या, "आज काय केलंत सवतीचं?"

"पाय बसवले," डॉक्टर सांगायचे.

"बसवा. उद्या माझ्याआधी तीच चालत येईल चहा घेऊन."

चहा मी कधी आणला नाही, पण चालले मात्र झोकात. बाहेरच्या खोलीत भिंतीच्या कडेने फळ्या टाकून त्यांनी रूळ अंथरले होते. पोटात पाणी, खाली स्पिरिटचा दिवा. वाफ दाटली की डॉक्टर कळ सरकवायचे आणि माझे चार ठोके सुरू व्हायचे, चारही सारखे.

एका सकाळी दाढी करता करता डॉक्टर कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. जिभेवर एकच शब्द उरला, 'नको'. चहा देऊ का विचारलं की म्हणायचे नको, आणि तोंड उघडायचे. मनात काहीही असो, बाहेर तेवढंच पडायचं. हळूहळू लोकांनी त्यांना विचारणंच सोडलं.

सुट्टीत लेक आणि जावई आले. जावई हौशी माणूस, स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नाही. बाबांना बरं वाटावं म्हणून त्याने मला रुळांवर ठेवलं. मी निघाले, पण लंगडत. दोन ठोके दमदार, दोन पोकळ. दाराजवळच्या वळणावर जी थांबले ती ढकलल्याशिवाय हलेना.

जावयाने दिव्याच्या वाती बदलल्या. बॉयलर धुतला. इतकं तेल ओतलं की फळ्यांवर ओघळ आले. दिसेल तो स्क्रू आवळला. मला माहीत होतं कुठे दुखतंय ते. पोटाखाली, मधल्या आसावर एक गोल चकती आहे. वाफ कोणत्या क्षणी आत सोडायची ते तीच ठरवते. तिचा तिळाएवढा स्क्रू सैल होऊन ती जागची सरकली होती. पण मला उलटं करून कुणी पाहिलंच नाही, आणि मी सांगणार कशी? माझ्याकडे तर एक शब्दही नव्हता.

"नको, नको," डॉक्टर खुर्चीतून म्हणत होते.

"बघा आई, बाबांनाही नकोय," जावई म्हणाला. "उगाच कशाला छळायचं तिला? शोकेसमध्ये छान दिसेल."

त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने मला लखलखीत पुसलं, काचेच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. माझ्या एका बाजूला ढाली, दुसऱ्या बाजूला कधीच न वापरलेले कप. बॉयलर कोरडा, तेल घट्ट होत चाललेलं. समोरच डॉक्टरांची खुर्ची. दिवसभर आम्ही एकमेकांकडे बघायचो. त्यांनाही कुणीतरी रोज पुसून, नीट कपडे घालून ठेवायचं. पाहुणे यायचे, मला म्हणायचे किती सुंदर, आणि त्यांच्यादेखत बाईंना विचारायचे, "यांना कळतं का हो काही?"

त्या वेळी त्यांच्या डाव्या हाताची मूठ वळलेली फक्त मला दिसायची.

एकदा दुपारी बाई कपाट उघडून धूळ झटकत होत्या. मला पुसून परत आत ठेवणार, तोच मागून आवाज आला, "नको."

बाई थांबल्या. वळल्या मात्र नाहीत.

"पुन्हा म्हणा बरं."

"नको."

"हा रागाचा. चहा हवाय का?"

"नको."

"आणि हा होकार." त्या तशाच पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. "इतके दिवस तुमच्या तोंडाकडे बघत बसले मी. अहो, लाईनवर कुणाचं तोंड दिसायचं मला?"

मग मला टेबलावर घेतलं. बाई डोळे मिटून एकेका भागावर बोट ठेवत विचारू लागल्या. "दिवा?" पडत्या सुरातला नको. "झडप?" अडखळता नको. "जवळ आले का?" वर चढणारा नको. शेवटी त्यांनी मला उलटं केलं आणि डॉक्टरांचा नको जवळजवळ हसला. बाईंनी चकती थोडी थोडी फिरवली. एकदा पुढे गेली तेव्हा ओरडा खाल्ला, मागे घेतली. नेमक्या जागी आल्यावर त्यांनी स्क्रू आवळला.

वाफ झाली. बाईंनी खुर्ची रुळांपाशी सरकवली आणि डॉक्टरांचं डावं बोट माझ्या कळीवर ठेवलं. कळ एकदम जास्तच सरकली, मी गरम पाणी थुंकले, चाकं जागीच गरगरली. मग पकड बसली आणि चार ठोके सारखे पडले. दाराजवळचं वळण पार झालं तेव्हा बाई जमिनीवर बसून रडत होत्या, आणि डॉक्टर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते.

आता मी रोज दुपारी धावते. फार लांब जात नाही. जिथून निघते तिथेच परत येते. डॉक्टरही खुर्चीतून उठलेले नाहीत. आम्ही सुटलो असं मी म्हणणार नाही.

पण कधीतरी हे घर आवरलं जाईल आणि मी तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारी येईन. तेव्हाही पहिल्यांदा लंगडेन. लगेच मला शोभेची ठरवू नका. आधी पोटात थोडं पाणी घाला, दिवा लावा, आणि घटकाभर माझ्याकडे पाठ करून नुसतं ऐका.