आजही चालत देवळात जातात

…तेलाचा डाग अक्षरांवरून हळूहळू पुढे सरकत होता. धुरावलेल्या बोंगा माशाखालचा वर्तमानपत्राचा तुकडा पिवळट, पारदर्शक होत चालला होता, आणि त्या डागाच्या कडेला, अजून कोरड्या असलेल्या कोपऱ्यात, केटुराला स्वतःचं नाव दिसलं. मिसेस केटुरा डेकर, शिक्षिका, किसी स्ट्रीट, फ्रीटाउन. नावाच्या वर तिचंच पत्र. ते वाचायची तिला गरज नव्हती — गेली दोन वर्षं दर शनिवारी ते छापून येत होतं. ‘डॉक्टरांनी हात टेकलेले माझे पती डॉ. पेनहॅलो यांच्या रक्तसंजीवनाच्या तीन बाटल्यांनंतर आज स्वतःच्या पायांनी चालत देवळात जातात…’

“थांब गं मॅमी, तो कागद नाही द्यायचा,” कोळीण म्हणाली. तिनं मासा उचलून दुसऱ्या कागदावर ठेवला आणि तो तुकडा मांडीवर पसरून तळव्यानं सपाट केला. “चुकून खाली गेला. हा माझ्या कामाचा आहे.”

“वाचतेस?”

“मी कुठली वाचतेय! आमच्या केंट गावच्या उपदेशकानं वाचून दाखवला. इथल्या कोणा मास्तरीणबाईनं लिहिलंय. नवरा मरायला टेकलेला, आता चालतो म्हणे. मास्तरीण कशाला खोटं लिहील?” तिनं आवाज खाली आणला. “माझ्या लेटीला देतेय मी. सहा महिने खोकत होती पोर, रक्त पडायचं. दुसऱ्या बाटलीला खोकला थांबला बघ. आता नुसती झोपते. दिवसभर. हाक मारली तरी उठत नाही, इतका आराम पडलाय.”

इतका आराम पडलाय. केटुरानं पैसे ठेवून मासा टोपलीत टाकला, काहीतरी पुटपुटली, आणि चालायला लागली. कोळिणीनं मागून हाक मारली असावी — सुटे पैसे राहिले होते — पण ती थांबली नाही, भेंडीच्या ढिगांमधून, पामतेलाच्या डब्यांमधून, छत्रीच्या टोकानं वाट काढत ती बाजाराबाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पळतोय.

ती झोप मला ठाऊक आहे, ती स्वतःशी म्हणाली. आयझॅक तसाच झोपायचा. सुतार माणूस, देवळाची अर्धी बाकं त्याच्या हातची, झोपेतसुद्धा बोटं रंधा धरल्यासारखी वळलेली असायची. त्या औषधानंतर ती बोटं सैल पडली, आणि मला वाटलं, बरं वाटतंय त्याला. पाय सुजून खांबासारखे झालेले. पण बाटलीतल्या दोन चमच्यांनी तोंडावर लाली यायची, तो हसायचा, फूफूचे गोळे जेवायला मागायचा, पालेभाजीत मिरची कमी आहे म्हणून मला टाकून बोलायचा — आणि ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी खरंच चालत देवळात गेला, माझ्या खांद्याला हातही न लावता. त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे दिले नव्हते. आनंद झाला होता आणि तो कुणाला तरी सांगायचा होता, म्हणून बाटलीवरच्या लंडनच्या पत्त्यावर लिहिलं, मुलींना शिकवते तशा सुवाच्य अक्षरात.

बावीस दिवसांनी आयझॅक गेला. चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपल्यावर काही आठवड्यांनी पत्र छापून आलं. ‘आज चालत देवळात जातात.’

तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं?… केटुरा ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या चढावर दम घ्यायला थांबली. उत्तर तिला माहीत होतं, आणि ते तिनं कधी पुरतं मनात आणलं नव्हतं. शनिवारी पेपर आला की ती आधी ते पान उघडायची. अख्ख्या फ्रीटाउनमध्ये तेवढ्या एका चौकोनात आयझॅक अजून चालत होता. ‘माझे पती’ — ‘दिवंगत’ नव्हे. दाराला कडी घालून ती तेवढी ओळ वाचायची, आणि मग पेपर घडी करून ठेवायची, एखादीनं चोरून गोड खाल्ल्यासारखं. दोन वर्षं. आणि त्या दोन वर्षांत किती जणींनी तो तुकडा मांडीवर सपाट केला असेल?

पण मग ती कोळिणीसमोरून पळाली का, आणि आता चढ चढून औषधांच्या दुकानाकडे का निघाली होती? कारण तिथं रागावता येणार होतं. रागावणं सोपं असतं.

सायलस बकल दुकानात होता. गुळगुळीत घोटलेली दाढी, कॉलरला खळ, बोलण्यात मध. त्याच्या मागच्या भिंतीवर काचेशिवायच्या चौकटीत ते पत्र लावलेलं होतं, वर्तमानपत्रातल्यापेक्षा चौपट मोठ्या अक्षरांत. दोन बायका बाटल्या बघत उभ्या होत्या.

“या, या मिसेस डेकर! तुमच्या पत्रानं तर आमचं दुकान—”

“ते काढा.”

“काय?”

“ते पत्र. भिंतीवरचं काढा आणि पेपरातलं थांबवा. माझा नवरा मेलाय, मिस्टर बकल. तुम्ही त्याच्या मातीला आला होता. हातमोजे घालून.”

बाटल्या बघणाऱ्या बायका वळल्या. बकलनं काउंटरवरून पुढं वाकून आवाज मऊ केला. “बाई, पत्र तुमचं, सही तुमची. लिहिलं तेव्हा खरं होतं की नाही?”

“होतं.”

“मग झालं तर. खऱ्याला काय तारीख असते? आणि जाहिरातीचे ठसे लंडनहून तयार येतात, इथं फक्त छापतात. माझ्या हातात काय आहे?” मग त्याचे डोळे चमकले. “पण एक सुचतं. नवीन पत्र लिहा. म्हणावं, देवानं बोलावलं त्याला इलाज नाही, पण या औषधानं माझ्या पतीचे शेवटचे दिवस सुखाचे गेले. विधवेच्या हातचं पत्र! लोकांच्या काळजाला भिडेल. यात खोटं काय आहे, सांगा.”

काहीच खोटं नव्हतं. तेच तर टोचत होतं. ते दिवस सुखाचेच गेले होते, आणि हा माणूस त्यांनाही बाटलीत भरायला निघाला होता. केटुराला वाटलं, आपण ‘हो’ म्हणू शकू. पुन्हा दर शनिवारी एक ओळ. आयझॅक मेलेला का होईना, पण छापलेला…

तिनं पिशवीतून शाळेची पेन्सिल काढली. काउंटरची फळी उचलून ती आत गेली. बकल “अहो, अहो” म्हणेपर्यंत ती भिंतीपाशी पोचली होती. फळ्यावर लिहिताना धरतात तसा तिनं हात वर धरला आणि पत्राखाली, स्वतःच्या छापील नावाखाली, मुलींना शिकवते त्याच वळणदार अक्षरात लिहिलं: ‘हे पत्र लिहिल्यावर बावीस दिवसांनी माझे पती वारले. या बाटलीत झोप आहे, औषध नाही. के. डेकर.’

“तुमचं डोकं फिरलंय! मी खटला भरेन!”

“भरा. कोर्टात मला विचारतील, नवरा चालतो का म्हणून. तिथंही हेच सांगेन.”

दोघींतल्या एका बाईनं हातातली बाटली काउंटरवर ठेवली. दुसरीनं मात्र आपली छातीशी धरली आणि झटकन बाहेर गेली. बकल चौकट उतरवायला लागला होता. उद्या तो दुसरी लावेल, पुढच्या शनिवारी पेपर पुन्हा छापेल, हे केटुराला दिसत होतं. तिनं पेन्सिल पिशवीत टाकली आणि ती बाहेर पडली.

आता अवघड काम राहिलं होतं.

बाजार ओसरत आला होता. कोळीण टोपल्या आवरत होती. केटुराला बघून ती हसली. “पैसे टाकून कुठं पळालीस गं?”

“तुझं नाव काय?”

“सबीना.”

“सबीना, त्या कागदावरची मास्तरीण मी आहे.”

सबीनाचं तोंड उजळलं — आणि केटुराला ते सगळ्यात कठीण गेलं, तो उजळलेला चेहरा समोर असताना पुढचं वाक्य बोलणं. “माझा नवरा मेला. पत्रानंतर बावीस दिवसांत. तोही असाच झोपायचा. हाक मारली तरी उठायचा नाही. लेटीला ते देऊ नकोस.”

सबीनानं हातातली टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, “मग काय देऊ?”

“सरकारी दवाखान्यात—”

“तिथून कुणी परत आलेलं पाहिलंयस?”

“तिथं बरी होईल असं नाही म्हणत मी. मला ठाऊक नाही. हे देऊ नकोस, एवढंच ठाऊक आहे.”

“तुला एवढंच ठाऊक आहे!” सबीनाचा आवाज चढला, शेजारच्या मिरचीवाल्या वळून बघायला लागल्या. “तुझा उठला ना? चालला ना देवळापर्यंत? तुला मिळाले तुझे बावीस दिवस. माझी पोर सहा महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली, तर तू आलीस हिसकावून घ्यायला. जा इथून!”

केटुरा गेली नाही. तिनं एक रिकामी टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली, चांगल्या घागऱ्यासकट, खवल्यांच्या चिखलात. “उद्या प्रार्थनेनंतर मी केंटला येते,” ती म्हणाली. “लेटीला बघायला. तू दार लाव हवं तर. मी बाहेर बसेन.”

“माझ्या दारात बसशील?”

“बसेन.”

सबीनानं तोंड फिरवलं. एक गिऱ्हाईक आलं, तिनं उरलेले दोन मासे मोजून दिले, भाव केला, शिवी हासडली, पण केटुराला उठ म्हणाली नाही.

ती तशीच बसून राहिली. आयझॅक मेला आहे, तिनं मनात म्हणून पाहिलं — दोन वर्षांत पहिल्यांदा, साधं, विशेषणांशिवाय. जिथं तो रोज चालत होता तिथं आता भली मोठी रिकामी जागा होती, उन्हानं तापलेली, आणि तिच्याकडे बघताना तिला भोवळ आली नाही. उलट अंगात एक हट्ट चढत होता, भुकेसारखा, ज्याचं पुढं काय करायचं ते तिला अजून कळत नव्हतं, पण तो आता कोणासाठीही, बकलसाठी, सबीनासाठी, आयझॅकसाठीसुद्धा, सोडायचा नव्हता.